अर्धी पुसलेली फरशी

वस्तू माणसांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. हेमलताबाईंनी केर काढणारं आणि ओली फरशी पुसणारं बिनवायरीचं यंत्र पारखायला आणलं. नापास झालं तर ते दुकानात परत जाणार होतं. त्यांनी मुद्दाम आमटी सांडली, यंत्र सुरू केलं आणि त्या आत गेल्या.

निम्मी आमटी पुसली तोच बॅटरी संपत आली. तेवढ्यात बाईंचे सासरे, अधू दृष्टीचे तात्या, काठी टेकत आले.

"गप्प राहा, नाहीतर परत जाशील," कोपऱ्यातली केरसुणी यंत्राशी कुजबुजली.

उरलीसुरली ताकद एकवटून यंत्र ओरडलं, "तात्या, थांबा! पुढे ओलं आहे. मला पुसायला जमलं नाही!" आणि ते बंद पडलं.

तात्यांचा उचललेला पाय तिथेच थांबला.

हेमलताबाई धावत आल्या. "अर्धंच पुसलंय! परतच पाठवते."

"आधी त्याला चार्जिंगला लाव, सूनबाई," भिंत धरत तात्या म्हणाले. "उरलेलं ते मग पुसेल."