मानाचं पाणी

"धागा बांधताय ना, बाबा? खाली ढोल वाजायला लागला."

टेकडीवर फकिरापुढे हिंमत गिरासे छाती पुढे काढून उभा होता. हातात केतकीचा लगाम. घोडी केवड्यासारखी पिवळसर पांढरी, गळ्यात कवड्यांचा रुंद कंठा.

नदीकाठच्या त्या घोडेबाजाराची रीत जुनी होती. आदल्या साली घोड्यांच्या नाचात जिंकलेल्या घोडीनं काठावरच्या दगडी डोणीतलं पहिलं पाणी प्यायचं. मग तिच्यामागून साऱ्या बाजाराच्या घोड्यांनी. तोवर एकाही जनावरानं डोणीला तोंड लावायचं नाही.

त्याआधी टेकडीवरच्या कमाल फकिरानं घोडीच्या गळ्यात काळा धागा बांधायचा.

हिंमतचा आजा या मानासाठी झुरत मेला. बापही तसाच गेला. हिंमतनं मात्र घोडी नाचात जिंकवून दाखवली होती. घोडं कसं वळवावं, कसं नाचवावं, हे सारं तो या फकिराजवळच शिकला होता.

फकीर उठला. कंठा जरा वर सारून त्यानं धागा गळ्याखालून घेतला.

बोटं जबड्याखाली थांबली.

"हे काय?"

"कंठ्याचा काच लागला, बाबा."

"नाक वाहतंय."

"पहाटेचा गारठा."

"चारा खाल्ला?"

"मानाची घोडी आहे. नखरा करते."

फकीर हसला नाही. हातातला धागा त्यानं परत झोळीत टाकला.

"घमेलं भर," तो म्हणाला.

हिंमतनं रांजणातून घमेलं भरलं. फकिरानं ते केतकीपुढे सरकवलं. तहानेली घोडी वाकली. एक घोट घेतला, मान ताणली, आणि पाणी नाकावाटे परत घमेल्यात आलं.

दोघांनीही पाहिलं.

"आता ते उचल," फकीर म्हणाला. "शिंगराला पाज."

चिंचेखाली फकिराचं शिंगरू बांधलेलं होतं. त्याची आई वितानाच मेली. फकिरानं त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. रात्री ते त्याच्या गोधडीवर डोकं ठेवून झोपायचं.

"बाबा, दुसरं पाणी देतो त्याला. ताजं."

"का? केतकीचं उष्टं. मानाचं पाणी. माझ्या लेकराला आधी मिळू दे."

हिंमतनं घमेलं उचललं. फकिराचा शब्द त्यानं आजवर मोडला नव्हता.

शिंगरानं त्याला ओळखलं. कान टवकारले, शेपटी उडवली, ओलं नाक पुढे केलं.

घमेल्यातलं पाणी हिंदकळलं.

शिंगराचे ओठ पाण्याला लागणार, तोच त्यानं घमेलं बाजूच्या खडकावर आदळलं.

"सांडलंस?" फकिरानं विचारलं.

"घशाचा रोग आहे तिला," हिंमत म्हणाला. "काल गाठ हाताला लागली. म्हणून कंठा रुंद बांधला."

"गाठ पिकेल, फुटेल. घोडी जगेल. शिंगरू तगत नाही."

"मला ठाऊक आहे."

"खाली डोणीवर शिंगरं किती आहेत?"

हिंमतनं खाली डोणीकडे पाहिलं.

"माझं एक दिसलं तुला," फकीर म्हणाला. "जा. ढोलवाले वाट बघतायत."

"जाऊन काय सांगू? गिरासेनं बाजारात रोग आणला? माझ्या बापाच्या नावावर थुंकतील लोक!"

फकीर चुलीजवळ बसला आणि राखेनं हात चोळू लागला.

हिंमतनं केतकीला सगळ्यांपासून लांब, टेकडीच्या मागल्या बाजूच्या बाभळीला बांधलं. राखेनं हात घासले, अंगरखा उतरवून चुलीत टाकला. उघड्या अंगानं, डोक्यावर फक्त फेटा ठेवून, तो उताराच्या अर्ध्यावर जाऊन थांबला.

"ऐका रे!" त्याची हाक नदीपार गेली. "गिरासेची घोडी आजारी आहे! घशाचा रोग! टेकडीवर कुणी जनावर आणू नका! काल माझ्या राहुटीशेजारी ज्यांची घोडी होती, त्यांनी ती डोणीवर नेऊ नका, वेगळी बांधा!"

ढोल थांबला.

"आणि मान रे, गिरासे?" खालून जोरावर पाटील ओरडला. नाचात त्याचा घोडा हरला होता. "आजा झुरला, बाप झुरला, आता नातू आजारी घोडी मिरवतो काय?"

कुणीतरी हसलं.

"मिरवत नाही," हिंमत ताठ मानेनं म्हणाला. "सांगतोय. पहिलं पाणी पाज तुझ्या घोड्याला."

पुन्हा हसायला कुणी धजलं नाही.

बाजारात धावाधाव झाली. राहुट्या हलल्या, काही जनावरं लांब माळावर नेली. मग ढोल पुन्हा वाजू लागला.

हिंमत वर आला. बाजाराकडे पाठ करून खडकावर बसला. डोणीवरचा गलबला कानावर येत होता. खुरांचा, माणसांचा, शिंगरांच्या खिंकाळण्याचा. बाभळीखालून केतकी खोकली.

त्याला मागे वळवेना.

"बाबा..." शेवटी त्यानं विचारलं. "पहिलं पाणी कोण प्यालं?"

फकिरानं कपाळावर आडवा हात धरून डोणीकडे नीट पाहिलं.

"तुझी केतकी. तिनं डोणीला तोंड लावलं नाही, म्हणून ही शिंगरं पितायत."