भोंग्याचा मान

घाटातला रस्ता अजून कच्चा होता, तेव्हाची ही गोष्ट. गेनू लोहोटांच्या जुन्या पिकअपचे ब्रेक पार थकले होते. कोबी भरून घाट उतरताना गेनूभाऊ ब्रेकच्या आधी भोंगा दाबायचे. भोंगा बोंबलला की शेळ्या, सायकली, माणसं झटकन बाजूला व्हायची.

"बघितलंस?" भोंगा ब्रेकला म्हणायचा. "अख्खा घाट मला मान देतो. तुला कोण ओळखतं?"

ब्रेक नुसता किरकिरायचा.

एकदा गाडी थांबता थांबेना आणि बांधावर जाऊन आदळली. गेनूभाऊंनी मुकाट्यानं गॅरेज गाठलं आणि पुढच्या चाकांना नवे डिस्क ब्रेक बसवून घेतले. "मी असताना यांची काय गरज होती?" भोंगा फुरंगटला.

पुढच्या बाजारादिवशी वळणावर कोंडाआजी सरपण घेऊन रस्त्याच्या मधोमध चालली होती. भोंगा जीव तोडून ओरडला, पण आजी ठार बहिरी. तिनं वळूनही पाहिलं नाही. गेनूभाऊंनी ब्रेक दाबला. गाडी आजीच्या मागे चार हातांवर शांतपणे उभी राहिली. आजी आपल्या चालीनं पुढे निघून गेली.

भोंगा ऐकून चरात उडी मारलेला धनगर कपडे झटकत वर आला.

"गेनूभाऊ, गाडी थांबते व्हय आता? आम्ही आपलं भोंगा वाजला की जीव मुठीत धरून पळतोय!"

भोंगा गप्प झाला. नवा ब्रेक तर पहिल्यापासूनच गप्प होता.