दोन काठांवरचं बारसं

त्या रात्री रेवूच्या आईला काळजीनं झोप लागली नाही. लढाईवर गेलेल्या रेवूच्या बाबांना घरची काय खबर पाठवावी? गोठा रिकामा, पीठ डब्याच्या तळाशी. खरं कळवावं तर ते तिकडे झुरणार, खोटं कळवावं तर लगेच ओळखणार! आयांना असल्या काळज्या फार. शिकलेल्या आयांना तर जरा जास्तच.

लढाई तरी परक्यांशी का होती? छे! राजाचे दोन मुलगे गादीवरून भांडले आणि एका राज्याची दोन निशाणं झाली : थोरल्याचं निळं, धाकट्याचं पिवळं. रेवूचे बाबा निळ्यांत. आणि शेजारच्याच घरातला मामा, आईचा सख्खा भाऊ, पिवळ्यांत! सारं गाव निळं, म्हणून मामीच्या अंगणात कुणी पाऊल टाकेना. तिला इवलीशी मुलगी झाली होती. पण बाळाचं नाव ठेवते आत्या, आणि आत्या म्हणजे रेवूची आई. ती गावाला भिऊन घरात बसलेली. बाळ आपलं बिननावाचंच.

संध्याकाळी परसातली गुलबक्षी उमलली. गुलाबी, केशरी, पांढरी, ठिपक्याठिपक्यांची! एका फुलात काहीतरी लुकलुकलं. रेवूनं वाकून पाहिलं तर आत चिमुकली परी, चतुराच्या पंखांसारखे झिलमिल पंख झटकत बसलेली.

"तुझं आळं रोज ओलं असतं गं," परी म्हणाली. "म्हणून तुझं एक काम करीन. लढाईवर एक बातमी नेईन. पण ती खरी हवी, आणि एकाच माणसासाठी. पंखांवर तेवढंच मावतं. सांग, कुणाला नेऊ?"

"बाबांना!" रेवूच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडे बाळ टँहँ टँहँ रडलं.

"परीताई, मामाला मुलगी झाली ते मामाला ठाऊक आहे?"

"त्याला कोण सांगणार, राणी?"

"मग तूच सांग."

"बघ हं. बाबांची खबर राहील."

रेवूनं एकदा घराकडे पाहिलं, एकदा कुंपणाकडे. "राहू दे. मी आहे हे बाबांना माहीत तरी आहे. मामाला ती माहीतच नाही."

परी भुर्रकन उडाली.

दुसऱ्या दिवशी फुलं उमलताच ती परतली, धापा टाकत. (परीला धाप लागते का? या परीला तरी लागली होती.)

"अगं, काय सांगू! तुझा मामा उठला तो थेट दोन्ही सैन्यांमधल्या नदीकाठी धावला आणि ओरडला, 'दाजीऽ! मला लेक झाली! तुमच्या रेवूनं कळवलं!' पलीकडून तुझे बाबा ओरडले, 'रेवूनं? बरी आहे ना माझी पोर? अहो मेव्हणे, नाव काय ठेवलं?' मामाला नाव कुठं ठाऊक! आता दोन्ही काठांवरची माणसं धनुष्यं खाली ठेवून बसलीत. नाव कळल्याशिवाय कुणी उठायला तयार नाही!"

दारातून ऐकणारी आई आधी शरमेनं लाल झाली, मग पदर खोचून निघाली. गावातल्या खिडक्या करकरल्या. "अहो, कुठं निघालात?" कुणीतरी विचारलंच.

"भाचीकडे! आत्या आहे मी तिची."

मामीनं रडत रडत दार उघडलं. आई बाळाच्या कानाशी वाकली. "कुर्रर्र! मीनाक्षी!"

"मीनाक्षी," मागोमाग आलेल्या परीनं घोकलं. "मामाच्या बातमीचंच हे राहिलेलं टोक, तेवढं पोचवते!" तिचे पंख चंद्रकोरीसारखे उजळले, सारं अंगण रुपेरी झालं आणि त्या प्रकाशातच ती विरघळून गेली. थोड्या वेळानं सगळ्यांच्या लक्षात आलं. डोंगरापलीकडून रोज ऐकू येणारे लढाईचे नगारे थांबले होते.

आईनं रेवूला जवळ ओढलं. "पण बाळा, बाबांना तुझं काही सांगायचं राहूनच गेलं की गं!"

रेवूनं मोठ्ठा आ केला. पुढचा एक दात गायब!

"हे सांगायचं नव्हतंच," ती म्हणाली. "हे बाबा आले की दाखवायचंय."