कावळ्याने घरटं लावलं

जनावरं चिंचोके लावून तीन पत्ती खेळायची, त्या काळची गोष्ट. एकदा शेवटच्या चालीला कावळ्याने आपलं घरटंच लावलं.

"पानं बघायची असतील तर बीळ लाव, घूसताई," एवढं बोलून तो गप्प बसला.

घुशीकडे राजांची जोडी होती. पण एरवी अखंड कावकाव करणारा हा आज गप्प का? बिळात सहा पिल्लं होती. बराच वेळ मिशा हलवून तिने पानं टाकून दिली.

कावळ्याला राहवेना. "दुर्री, पंजी, सत्ती! काहीच नव्हतं माझ्याकडे!" त्याने पानं सगळ्यांना दाखवली.

"अस्सं," म्हणत घुशीने पत्ते पिसले.

पुढच्या डावात कावळ्याने पुन्हा घरटं लावलं आणि तो गप्प बसला. घुशीने बीळ लावलं.

त्या वर्षी कोकिळा अंडी घालायची परवानगी घुशीकडे मागायला आली.