हाताला लागेल असा परदेश

"उद्या दुपारच्या आत परदेश इथं, या वाड्यात, माझ्यासमोर आणून दाखव! नाहीतर तुमच्या मंडळाला कुलूप!" विजयध्वज महाराज गरजले.

समोर आवडी उभी होती. राजाच्या मुदपाकखान्यात भाजी चिरणारी. कडेवर दहा महिन्यांची चिंगी, पदराला हळदीचे डाग. मंडळातर्फे बोलायला दुसरं कुणी धजेना म्हणून ती आली होती, आणि वाड्याच्या प्रत्येक पायरीवर तिला वाटलं होतं, आपण कशाला आलो!

हे 'देशोदेशी मंडळ' बंदरावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं सुरू केलेलं. नऊ वर्षांपूर्वी, होड्या ठेवायच्या मांडवात. पहिल्या दिवशी विद्यार्थी तीन. त्यातला एक नुसता सावलीला आलेला. तांडेल वाळूत बोटानं जग काढायचा आणि कुठं काय पिकतं, कोण कसं राहतं ते सांगायचा. नफा कुणालाच नको होता. घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला निघायचे, त्यावर सगळं चालायचं. पुढं दरवर्षी चार-दोन तरुण गलबतानं परमुलखात जायला लागले. तिथल्या लोकांच्या घरी राहायचे, शिकायचे, परत यायचे. एकजण छापखान्याचं काम शिकून आला, एकजण देवीची लस टोचायला. तांडेल गेला, तरी मंडळ चालूच राहिलं. आवडीही त्याच वाळूत शिकली होती.

यंदा सातजण निघाले होते. पाच मुलगे, दोन मुली. गलबत परवा सुटणार होतं. आणि नेमके नवे राजपुरोहित दिगंबरशास्त्री महाराजांच्या कानाशी लागले, "समुद्र ओलांडला की माणूस बाटतो! आणि परदेशाचं आपल्याला काय काम?"

"दाखवते की महाराज," आवडी म्हणाली. "एक नकाशा..."

"नकाशा नको! चित्र नको! गोष्ट तर नकोच नको! हाताला लागेल असा परदेश पाहिजे. आणि तोवर तू वाड्याबाहेर पाऊल टाकायचं नाहीस. बाहेरून काडीही आत आणायची नाही!"

"आणि पोरीची दुपटी, महाराज? ती घरी वाळताहेत."

"ती मागव!" महाराज जरा ओशाळून म्हणाले.

शास्त्रीबुवा मिशीतल्या मिशीत हसले. आवडी मुजरा करून मुदपाकखान्यात परतली आणि मटकन पाटावर बसली.

"बोलून तर बसले गं चिंगे! आता?"

चिंगीनं आईचं मंगळसूत्र तोंडात घातलं. सल्ला एवढाच मिळाला.

समोर दुसऱ्या दिवसाचा शिधा काढून ठेवला होता. आवडी त्याच्याकडे बघत बसली. बघता बघता तिच्या गालाला खळी पडली.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. महाराजांचा कडक उपास! दुपारी चांदीच्या ताटात वाफाळती साबुदाण्याची खिचडी आली, शेजारी शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याच्या गोड फोडी. महाराजांनी घास घेतला.

"वा! काय हात आहे पोरीचा! शास्त्रीबुवा, उपासाला चालेल ना सगळं?"

"शुद्ध! अतिशुद्ध!" शास्त्रीबुवांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "आवडे, जरा बटाटे जास्त येऊ देत."

दोन्ही ताटं लख्ख झाली. महाराजांनी हात धुतले. "हं! दुपार झाली. कुठाय परदेश?"

"महाराजांच्या पोटात!"

"काय?"

"बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं आणि ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो कंद! सगळे सातासमुद्रापलीकडून गलबतात बसून आलेले. हाताला लागले, जिभेला लागले, शास्त्रीबुवांना तर जास्तच लागले!"

"खोटं! साफ खोटं!" शास्त्रीबुवा ताडकन उठले. "पुरावा?"

"पुरावा तुमच्याजवळच आहे की बुवा. अठरा पुराणं मुखोद्गत ना तुम्हाला? मग सांगा, बटाटा कुठल्या पुराणात आहे?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. ओठ हलले. पुराणांमागून पुराणं उलटली.

"बटाटा... बटाटा नाही सापडत."

"बरं, मिरची?"

"मिरे आहेत! पिंपळी आहे! मिरची... थांब हं... मिरची..."

"शेंगदाणा?"

शास्त्रीबुवांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. महाराज एकदा त्यांच्याकडे, एकदा रिकाम्या ताटाकडे बघत होते.

"बुवा, म्हणजे इतकी वर्षं एकादशीला मी..."

"आज माझ्याकडून महाराजांचा उपास मोडला असेल," आवडी मान खाली घालून म्हणाली, "तर पुढच्या एकादशीपासून हे सगळं बंद करते. मग पानात राहील तूप, जिरं आणि महाराजांची भूक."

"बंद? खबरदार!" महाराजांनी पाटावर मूठ आपटली. "असेल तिकडचं! आता आमच्या मातीत रुजलंय, आमच्या हातची चव लागलीय त्याला. आमचंच आहे ते! समुद्र ओलांडला म्हणून काय बिघडलं?"

"महाराज!" आवडीनं हात जोडले. "समुद्र ओलांडून आलेला परका बटाटा तुम्हाला एकादशीला चालतो. मग समुद्र ओलांडून परत आलेली आपलीच पोरं निदान द्वादशीला तरी चालवून घ्या!"

महाराजांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि बघता बघता ते असे खदखदून हसले की कडेवरची चिंगी दचकून रडायलाच लागली.

"हरलो पोरी, हरलो! उद्या सातहीजण जातील. बंदरावरची दगडी वखार आजपासून मंडळाची. आणि तू भाजी पुरे कर. त्या वखारीत बसून पोरांना शिकव!" मग त्यांचे डोळे चमकले. "काय गं, गलबतात आठव्या माणसाला जागा आहे का? आमच्या बुवांनाही परदेश बघू दे!"

शास्त्रीबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? पण महाराज, तिकडं माझ्या उपासाचं कसं व्हायचं?"

"काळजीच नको, बुवा," आवडी चिंगीला थोपटत म्हणाली. "तिथं तर सगळं घरचंच मिळेल!"