पडद्यामागचं पान

“दारूला मी जन्मात शिवलो नाही, महाराज. मग माझंच लिव्हर का सुजावं?”

निरंजनगिरी महाराज मठाच्या ओसरीवर तांदुळजाची भाजी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, दुसरी काडी उचलली.

“सांगा ना. का सुजावं?”

“काय खातोस?”

“सगळंच खातो की.”

“हं...”

नागोरावांना हे ‘हं’ काही आवडलं नाही. तालुक्याच्या गावी त्यांचं कापडाचं भरलेलं दुकान होतं, आणि त्यांच्या बोलण्यावर ‘हं’ म्हणून गप्प बसणारं माणूस अजून भेटायचं होतं.

पण पंचक्रोशीत त्यांना लोक ओळखत ते कापडासाठी नव्हे, पंगतीसाठी. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, नागोराव कमरेला उपरणं बांधून जिलबीचं ताट घेऊन निघाले की जेवणारे धास्तावत. त्यांच्या आग्रहातून कुणी सुटलेलं नव्हतं. शेवटच्या पंगतीला ते स्वतः बसत, आणि मग लोक उट्टं काढल्यासारखे त्यांना वाढत. नागोराव सगळं संपवत. वर पान पुसून घेत.

आता त्यांचे डोळे पिवळे झाले होते. हातपाय वाळले होते आणि पोट तेवढं टम्म राहिलं होतं.

लातूरच्या डॉक्टरनं सोनोग्राफी करून सरळ सांगितलं होतं. दारू लागतेच असं नाही. गोडानं, तळलेल्यानं, वर्षानुवर्षं भुकेपेक्षा जास्त खाल्ल्यानं लिव्हरवर चरबी चढलीय, आणि आता ते घट्ट व्हायला लागलंय. अजून आवरता येईल. भाकरी, डाळ, पालेभाज्या, तेही बेतानं. तोंड आवरलं नाही तर माझ्या गोळ्या काही करू शकणार नाहीत.

“वैशाखात पोरीचं लग्न आहे, डॉक्टर,” नागोराव म्हणाले होते.

“मग लग्न बघायचंय की लग्नात जेवायचंय, तेवढं ठरवा.”

नागोरावांनी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तेव्हा ते जिलबीचा मोठा पुडा घेऊन मांजरेच्या काठावरच्या या मठात आले. महाराजांचा अंगारा गुणाचा म्हणतात. चिमूटभर घ्यावा आणि पथ्याची कटकट मिटवावी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

“गोळ्या घेतोस?” महाराजांनी विचारलं.

“घेतो.”

“घेत राहा. डॉक्टर सांगतो ते खोटं नाही.”

“मग मी इथं कशाला आलो?”

“तेच बघायलोय मी...”

ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणात जुन्या महंतांच्या समाध्या होत्या. गोसाव्यांना बसवूनच पुरतात, त्यामुळे नागोरावांना उगाच वाटत होतं की दगडांखाली सगळे ताठ बसून आपलं बोलणं ऐकताहेत. दुपारचं या मठात कुणी थांबत नसे. का थांबत नाही, हे विचारायचं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आज आलं.

“नागोराव, जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला, तर तू काय करतोस?”

हा प्रश्न मात्र नागोरावांच्या आवडीचा निघाला. ते सरसावून बसले.

“आधी त्याला बोलण्यात गुंतवायचं, महाराज. पोरंबाळं कशी आहेत, पाऊसपाणी कसं आहे. हात जरा सरला की वाढायचं.”

“नाहीच सरला तर?”

“एकच घ्या, माझ्यासाठी, म्हणायचं आणि बोटांच्या फटीतून सोडायची खाली! पानात पडलेलं टाकतंय कोण?”

ते खळखळून हसले. उजव्या बरगडीखाली कळ आली तसे थांबले.

“आणि तुला कुणी वाढायला आलं तर?”

“मी हात आडवा धरत नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही. अन्नाला नाही म्हणू नये.”

“मग तुझ्या वतीनं नाही कोण म्हणतं?”

“कुणीच नाही.”

“कुणीतरी म्हणत असेल...”

महाराज टोपली घेऊन उठले आणि चुलीकडे गेले. नागोराव घाम पुसत बसून राहिले. भाजी शिजली, महाराजांनी हात धुतले आणि मग त्यांनी बोलावलं.

“चल. आज नैवेद्य तू वाढ.”

मूळ महंतांची समाधी आतल्या खोलीत होती. दाराला भगवा पडदा, जमिनीपासून वीतभर वर. पडद्याखालून अर्धं आत जाईल असं महाराजांनी पाण्याचं चौकोनी मंडल काढलं आणि त्यावर हळूच पत्रावळ ठेवली, अर्धी बाहेर, अर्धी आत.

“आमच्याकडे पडद्याखालूनच वाढतात. आत बघायचं नाही.”

“काय वाढू?”

“तू आणलंस ते.”

नागोरावांनी पुडा सोडला. पत्रावळीवर जिलबी ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले.

आत काहीतरी कुरकुरलं.

त्यांनी डोळे उघडले. पान रिकामं होतं.

मठात आणखी कुणी असेल, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण खोलीला हे एकच दार होतं आणि ओसरीवरून ते सकाळपासून त्यांच्या नजरेसमोर होतं. त्यांनी मागं पाहिलं. महाराज भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

“घेतली, महाराज!”

“मग वाढ.”

त्यांनी वाढली. आत चावल्याचा आवाज आला आणि पान रिकामं झालं. त्यांनी पुन्हा वाढली. भीती वाटत होती हे खरं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्यांना चेव चढला. देवासारख्या माणसाची समाधी आपल्या हातची जिलबी खातेय! घरी जाऊन काय काय सांगायचं, तेही त्यांनी मनात जुळवायला घेतलं.

पुढंपुढं आतलं चावणं मंदावलं. मध्ये बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग कुणीतरी कष्टानं श्वास घेतल्यासारखं वाटलं, गिळल्यासारखं वाटलं. पडद्याखालून आंबूस वास येऊ लागला.

“महाराज, दमलं वाटतं आत...”



नागोरावांनी पुढची जिलबी उचलली, आणि पडद्याखालून एक हात बाहेर आला.

तो पानावर आडवा राहिला. पिवळा पडलेला, वाळलेला हात. पंगतीत पोट भरलेलं माणूस जसं नुसत्या हातानं ‘बस’ म्हणतं, तसाच तो पानावर होता.

नागोरावांना पळावंसं वाटलं. पण हातात जिलबी होती आणि समोर आडवा हात होता, आणि जन्मभराची सवय कुठं जाते! त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, “एकच घ्या. माझ्यासाठी.”

आणि त्यांनी ती बोटांच्या फटीतून खाली सोडली.

हात मागं गेला नाही. पाक बोटांवरून ओघळला. मग एका बोटानं जिलबी सावकाश पडद्याआड ओढली, आणि तेव्हा नागोरावांना त्या बोटाचं नख दिसलं. मधून चिरलेलं, काळं पडलेलं.

दुकानाचं शटर पडून त्यांचं नख अगदी असंच चिरलं होतं. तेच बोट, तीच चीर.

त्यांनी आपला हात डोळ्यांसमोर धरला. तो त्यांच्यापाशीच होता. त्याच्या बोटांना पाक लागला होता.

आत गिळल्याचा आवाज आला. नागोरावांच्या बरगडीखाली जोरात कळ उठली.

“बास!” ते ओरडले. “खाऊ नको! टाक ते, टाक!”

त्यांनी पडदा ओढून काढला.

आत समाधीचा दगड होता. समई तेवत होती. बाकी काही नव्हतं. पत्रावळ चाटून पुसून स्वच्छ झाली होती, नागोराव करत अगदी तशी. खालचं पाण्याचं मंडल कुठंही मोडलेलं नव्हतं.

त्यानंतर ते ओसरीवर कसे आले, हे त्यांना आठवेना. महाराजांनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, दुसरं पान मांडलं. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, तांदुळजाची भाजी, वाफवलेला दुधी, पातळ ताक.

“जेव.”

“मला घास उतरायचा नाही.”

“सावकाश जेव. चावून.”

नागोराव जेवले. तेल नाही, तूप नाही, गोड नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते खाताना कानोसा घेत होते. प्रत्येक घासानंतर थांबत, आत काही आवाज येतो का ऐकत. काही आला नाही. भाजी गोडसर लागली आणि एकाएकी त्यांना रडू फुटलं.

“लग्न बघायचंय मला, महाराज. नुसतं बघायचंय. कोपऱ्यात बसून बघीन.”

महाराजांनी पुड्यातली उरलेली जिलबी उचलली आणि त्यांच्या पानावर धरली.

“एक घे.”

“नको.”

“एकच. माझ्यासाठी.”

नागोरावांनी पानावर हात आडवा धरला. जिलबी त्यांच्या बोटांच्या वर होती, पाकाचा थेंब खाली लोंबत होता, आणि महाराज काही हलत नव्हते. आता सोडतात, आता सोडतात... खाली हात धरून बसलेल्याला असं वाटत असतं, हे एवढ्या पंगती वाढून त्यांना ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळानं महाराजांनी जिलबी पुड्यात परत ठेवली.

“महाराज... तो आत आहे का अजून?”

“आहे.”

“पान तर रिकामं झालं. मग जात का नाही तो?”

महाराजांनी जिलबीचा पुडा बांधून बाजूला ठेवला.

नागोरावांचं पोट केव्हाच भरलं होतं. पानात अर्धी भाकरी उरली होती. बोलता बोलता त्यांचा हात पान पुसून घ्यायला त्या भाकरीकडे निघाला.

“भरल्या पंगतीतून एकट्याला उठता येतं का, नागोराव? तू ऊठ. तो तुझ्यासाठी थांबलाय.”