मोगऱ्याच्या आळ्यातली माती

फार पूर्वीची गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक माळीण राहत होती. देवीचा रोजचा गजरा तिच्याच मोगऱ्याचा असायचा. अंगणात झाड एकच, पण त्यावरच तिचं पोट चालायचं आणि तिचा तोराही.

एका सकाळी कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "यंदा तुझ्या मोगऱ्याला काय बहर आलाय गं."

दुसऱ्याच दिवशी माळिणीला दोन-चार पानांवर भोकं दिसली. झालं! ही शेजारणीचीच नजर, असं तिनं ठरवून टाकलं. तिच्याशी बोलणं सोडलं आणि रोज दिवेलागणीला झाडावरून मूठभर मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागली. लोक ओवाळलेलं चुलीत टाकतात. हिनं मात्र वेगळंच डोकं चालवलं. दृष्ट झाडाची, तर उतारा झाडाच्याच आळ्यात टाकावा.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. माळिणीनं एका मुठीच्या दोन मुठी केल्या. मग तर कळ्याही गळायला लागल्या. पुजारीबुवा म्हणाले, "महिना-दीड महिना वाट बघतो. मग गजरा दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावा लागेल, बाई."

माळीण झाडापाशी बसली आणि एक पान हातात घेऊन नीट बघू लागली. पानामागे हिरवी अळी होती. म्हणजे भोकं हिची. पण अळी तर मधोमध कुरतडते, मग कडा कोण जाळतं? आणि नजर लागली तरी ती अशी कडेकडेनंच कशी लागेल? भीती विसरून ती पानामागून पान उलटत राहिली.

तेवढ्यात शेजारणीची शेळी कुंपणातून आत घुसली. माळीण काठी घेऊन उठली आणि थबकली. शेळी पानांना तोंडच लावत नव्हती. ती आळ्यातली माती चाटत होती.

असं मातीत आहे तरी काय? माळिणीनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. ती खारट होती.

तिला आधी हसू आलं आणि मागोमाग रडूही. अळ्या हातानं वेचल्या असत्या तर दोन दिवसांचं काम होतं.

आता गुपचूप माती बदलली असती, तरी कुणाला काही कळलं नसतं. पण माळीण शेळीला घेऊन शेजारणीच्या दारात गेली.

"बाई, तुझ्या डोळ्यांत काही नव्हतं," ती म्हणाली. "मीठ माझ्याच हातात होतं."

शेजारीण म्हणाली, "इतके दिवस मी विचार करत होते, माझं काय चुकलं." आणि तिनं कोपऱ्यातलं खुरपं उचललं.

दोघींनी मिळून खारट माती खरवडून काढली, नवी माती भरली, भरपूर पाणी सोडलं. हळूहळू कोवळी पानं फुटली, पार कडेपर्यंत हिरवीगार. महिन्यानं ओंजळभर फुलं आली, तेव्हा माळिणीनं दोन गजरे केले. एक देवळात गेला आणि दुसरा शेजारणीच्या अंबाड्यात.

तात्पर्य एवढंच: रोग ओळखल्याशिवाय उपाय करू नये, आणि दोष शोधायला निघालं की आधी आपले हात बघावेत.